झिंगकांडी

त्या वर्षी अकोल्यात एप्रिलच्या दुसऱ्याच आठवड्यात पारा एकोणपन्नासावर जाऊन बसला आणि खाली उतरायचं नाव घेईना. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. घरोघरचे एसी चालवायला वीज पुरत नाही म्हणून नियमच झाला होता. प्रत्येक वसाहतीत एक मोठं थंडघर, आणि दुपारचे पाच तास सगळ्यांनी तिथं जाऊन बसायचं. कुणी भाजी निवडे, कुणी रमी खेळे, कुणी उघड्या तोंडानं घोरे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची इतकी ओळख पूर्वी कधी झाली नव्हती आणि इतका कंटाळाही.

चारुशीला गावंडे मात्र सकाळी आठला स्वयंपाकघरात उभी राहून बर्फाच्या कांड्यांच्या साच्यांत सरबत ओतत होती. दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं नोकरी केली होती. दुधात पाणी किती, स्निग्धांश किती, हे तपासता तपासता तिचा हात असा बसला होता की मोजपात्रात नेमकं चाळीस मिली पडे, एक्केचाळीस नाही. निवृत्त झाल्यावर त्या हाताला काम उरलं नव्हतं.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते दिवाळीत. पुण्याला लेकीकडे गेली असताना मृण्मयीने तिला ऑफिसच्या पार्टीला नेलं. तिथं उंच काचेच्या पेल्यांमधून हिरवी, नारिंगी, दुरंगी कॉकटेलं फिरत होती. कुणात पुदिन्याची काडी, कुणाच्या काठाला मीठ. चारुशीला ते पाहतच राहिली. वेटरने समोर ताट धरलं तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "नाही बाप्पा, आम्ही घेत नाही." म्हणायलाच हवं होतं. तिचे यजमान, दिगंबरराव गावंडे, दारू पकडणाऱ्या खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत दारूचा एक थेंब जिभेवर ठेवला नाही, आणि नुसत्या नाकावर जिल्ह्यातल्या निम्म्या हातभट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कडब्याच्या गंजीखाली पुरलेली पिंपं त्यांनी गंजीजवळ न जाता शोधली होती. "गावंड्याचं नाक" असं लोक म्हणत, आणि ते ऐकलं की दिगंबरराव नाकावरून हात फिरवत.

पण पेल्यांचे ते रंग काही चारुशीलाच्या डोक्यातून जाईनात. मृण्मयी खाद्यपदार्थांच्या चवींवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. तिने मार्च संपता संपता आईला एक डबा पाठवला. आत पांढऱ्या पावडरीच्या सात पुड्या, आणि चिठ्ठी : "आई, कॉकटेलच्या कांड्या कर. दारू नाही, शपथ. बाबांना आधी सांगू नकोस, नंतर सांग."

"पण दारू नाही तर कॉकटेल कशाचं?" चारुशीलाने फोनवर विचारलं.

"खरी दारू ओतलीस तर कांडी होणारच नाही," मृण्मयी म्हणाली. "पाणी शून्याला गोठतं, दारू उणे एकशेचौदाला. घरच्या फ्रीजरमध्ये तिचा नुसता चिखल होईल. म्हणून आम्ही दारूच काढून टाकली. तुझ्या जिभेवर आणि घशात चटका ओळखणाऱ्या घंटा आहेत, असं समज. त्रेचाळीस अंशांच्या वर काही लागलं की त्या वाजतात. दारू काय करते, तर त्या घंटा हळव्या करून ठेवते. मग त्या चौतिसालाच वाजायला लागतात. आपलं अंग सदतीस! म्हणजे आपल्याच अंगाच्या उबेनं आपल्याला जळजळतं."

"म्हणजे दारू गरम नसतेच?"

"मुळीच नाही. ही पावडर तेवढंच काम करते, घंटा हळव्या करायचं. शिवाय तिच्यात साखरेच्या बारीक कड्या आहेत. त्या कड्यांत आम्ही वास कोंडलेत. कांडी वितळेल तशी एकेक कडी उघडते. आधी लिंबू, मग पुदिना, मग ओकच्या पिंपाचा वास. आधी गार, मग जाळ. एवढं झालं की मेंदू स्वतःच म्हणतो, अरे, आपण घेतली वाटतं! आमच्याकडे तीस जणांना दिली, त्यातले अकरा जण भिंत धरून चालले. रक्तात काहीही नाही. सगळा डोक्याचा कारभार."

चारुशीलाला हे पटलं. पाणी घातलेलं दूध लोक वर्षानुवर्षं अस्सल म्हणून पीत आले होते. डोक्याचा कारभार तिने जवळून पाहिला होता.

पहिल्या दिवशी तिने तीन प्रकार केले. पुदिना-लिंबाची हिरवी, संत्र्याची नारिंगी, आणि कैरीची, काठाला तिखट-मीठ लावलेली. साचे फ्रीजरमध्ये ठेवून ती वळते तोच दिगंबरराव पाण्यासाठी आत आले. त्यांनी सहज विचारलं, "काय करून राह्यली?"

"काही नाही," ती म्हणाली आणि तिची नजर फ्रीजरकडे गेली.

दिगंबररावांनी पेला खाली ठेवला. दोन पावलांत फ्रीजर गाठला, दार उघडलं, मान आत घातली, आणि दीर्घ श्वास घेऊन बाहेर काढली.

"दारू," ते म्हणाले.

"नाही हो. नुसती चव आहे."

"मले शिकवतं? बत्तीस वर्षं हेच केलं मी." ते टेबलाशी बसले. जुन्या सवयीनं त्यांनी कागद ओढला आणि लिहू लागले : समक्ष पंच, कोणी नाही. जप्त मुद्देमाल, रंगीत कांड्या, नग अठरा. मग जरा घुटमळून म्हणाले, "पुराव्यासाठी एक चाखून पाहावी लागंन."

"बत्तीस वर्षांत चाखली नाही ना?"

"तवा प्रयोगशाळा होती."

त्यांनी कैरीची कांडी उचलली. पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हा चेहरा सरकारी होता. कांडी वितळून घशाखाली गेली आणि दिगंबररावांचे डोळे मोठे झाले. त्यांनी छातीवर हात ठेवला. दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. पाचव्या तुकड्याला डोळ्यांत पाणी आलं. कांडी संपवून ते उठले, तर डावीकडे झुकले, आणि ओट्याला धरून म्हणाले, "चारू, घर फिरून राह्यलं."

"घर जागेवरच आहे. तुम्हीच फिरताय."

मग त्यांनी एक जुनं गाणं म्हटलं, तेही तीन कडव्यांपर्यंत, आणि फरशीवर बसून म्हणाले, "अजून एक देतं का? पुराव्यासाठी?"

चारुशीलाने तिथल्या तिथं लेकीला फोन लावला. मृण्मयीने बापाला घंटा, कड्या, अकरा माणसं, सगळं पुन्हा सांगितलं. दिगंबररावांनी मान डोलावली. पण पंचनाम्याचा कागद त्यांनी फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला. त्यांना पटलं नव्हतं, हे चारुशीलाला कळलं. तरी ते पुढे काही बोलले नाहीत. का, ते तिला दुसऱ्या दिवसापासून उमगू लागलं. पहाटे पाचला फ्रीजरचं दार वाजे. आंघोळीनंतर वाजे. कैरीच्या कांड्या, त्यातही सगळ्यात जळजळीत, बघता बघता संपत. जन्मभर दारू पकडलेला माणूस म्हातारपणी कांडीच्या आहारी गेला, असं वाटून तिला हसूही येई आणि भीतीही वाटे.

अक्षयतृतीयेला थंडघरात सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचं ठरलं. चारुशीलाने साठ कांड्या केल्या. पोरांसाठी साध्या लिंबाच्या वेगळ्या डब्यात. मोठ्यांच्या डब्यावर तिने ठळक अक्षरांत लिहिलं : कॉकटेलची चव. दारू नाही.

"दारू नाही, बरं का!" वसाहतीचे सचिव नितेश भटकर डबा उघडून म्हणाले आणि आजूबाजूच्यांकडे पाहून एक डोळा मिटला. "इन्स्पेक्टरसाहेबांच्या घरची. दारू कशी असंल?"

सगळे समजून हसले. ज्याने त्याने आपापली कांडी अशा हळुवारपणे उचलली की जणू ती चोरीची आहे. चारुशीला जीव तोडून सांगत होती, आणि जितकी सांगे तितके लोक जास्त समजून हसत.

वीस मिनिटांत थंडघराचा नूर पालटला. आयुष्यभर खाली मान घालून बसणारे पोस्टातले वानखडे टेबलावर चढून कविता म्हणू लागले. स्वतःच्या, आणि यमक जुळणाऱ्या. सत्तरीच्या दोन जावा, ज्या एका पैठणीवरून अकरा वर्षं बोलत नव्हत्या, एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रडता रडता ती पैठणी मुळात खोटी होती हेही निघालं. आणि सचिव भटकर, ज्यांनी नारिंगी दोन खाल्ल्या होत्या, ते आपल्या सासूबाईंसमोर, विमलबाईंसमोर, उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, "आई, तुमच्या हातचं पिठलं! अठरा वर्षं खाल्लं मी. पाहुणे आले की तुम्ही तेच करता. त्याने भिंतीचे खड्डे बुजवता येतील, आई. मी एकदा बुजवलेत."

विमलबाईंनी कांडीचा शेवटचा तुकडा शांतपणे चावला. "आठवण ठेवीन, जावईबापू," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून विमलबाईंनी स्वयंपाक बंद केला आणि भटकरांच्या बायकोने बोलणं. तिसऱ्या दिवशी दुपारी भटकरांनी थंडघरात सगळ्यांना जमवलं. चेहरा ओढलेला होता.

"माही तक्रार हाय," ते म्हणाले. "गावंडेकाकूंच्या कांड्यांत दारू होती. आपल्याला न सांगता पाजली. म्हणून माणसं काहीबाही बोलली. शुद्धीत कोणी असं बोलतं का? वानखडेसाहेब, तुम्ही सांगा, शुद्धीत असता तर तुम्ही त्या कविता म्हटल्या असत्या?"

वानखड्यांनी जोरात मान हलवली. आणखी सात-आठ माना हलल्या. चारुशीला उभी राहिली. "दारू असती तर कांडी घट्टच झाली नसती. फ्रीजरमध्ये तिचा चिखल होतो. घरी करून बघा कोणीही." पण त्या माणसांना विज्ञान नको होतं, दारू हवी होती. तिला एकाएकी आपल्या डब्यावरच्या त्या ठळक अक्षरांची लाज वाटायला लागली. उद्या हे पुण्यापर्यंत जाईल, पोरीच्या नोकरीवर येईल, हेही तिच्या मनात आलं.

"वाद कशाला?" भटकर म्हणाले. "साहेब इथंच बसलेत. त्यांच्या नाकानं सारा जिल्हा वठणीवर आणला. काकू त्यांच्या घरच्या असल्या तरी साहेब खोटं बोलणार नाहीत. साहेब, त्या दिवशीच्या उरलेल्या कांड्या इथल्याच फ्रीजरात हायेत, त्यातलीच ही घ्या. वास घ्या आणि सांगा. तुम्ही म्हणाल ते आम्हाले मान्य."

दिगंबरराव उठले. कांडी हातात घेतली. नाकापाशी नेली. त्यांनी एकदा श्वास घेतला, पुन्हा घेतला. कांडीचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं तरी ते बोलेनात. चारुशीला त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या लक्षात आलं की ते कांडीकडे बघतच नाहीत. ते माणसांकडे बघताहेत. भटकरांकडे, वानखड्यांकडे, मग तिच्याकडे.

"मले वास येत नाही," दिगंबरराव म्हणाले.

"म्हणजे दारू नाही?" कुणीतरी विचारलं.

"तसं नाही. मले कशाचाच वास येत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, तो पुन्हा आलाच नाही. एकवीस वर्षं झाली."

वानखड्यांनी भटकरांकडे पाहिलं.

"मग त्या धाडी?" भटकरांनी विचारलं. "कडब्याखालची पिंपं?"

"माणसाच्या डोळ्यांत पाहिलं. ज्यानं लपवलं असते, तो तिकडंच पाहते. नाक फुगवून मी नुसता उभा राहो. बाकी काम तेच करत." त्यांनी कांडी ताटलीत ठेवली. "आता हे सांगतो. मी रोज चार खातो. मले चढते. माह्या जिभेले विचाराल तर ह्याच्यात दारू हाय. पण माही बायको म्हणते नाही, म्हणजे नाही. तिनं दुधात पाणी घालणाऱ्याले तीस वर्षं सोडलं नाही, ती मले दारू पाजंन? माही जीभ खोटी. लिहून घ्या."

चारुशीलाने ताटली आपल्याकडे ओढली.

गोंधळ उडाला तो वसाहतीतल्या डॉक्टर तायडेबाईंनी थांबवला. "अहो, श्वास तपासायचं यंत्र माझ्या दवाखान्यात पडलंय. आधीच विचारायचं होतं." त्या यंत्र घेऊन आल्या. भटकरांनी हट्टानं दोन नारिंगी कांड्या सगळ्यांदेखत खाल्ल्या. वीस मिनिटांनी ते खुर्चीला धरून उभे राहिले, जीभ जड झाली, आणि विजयी मुद्रेनं त्यांनी नळीत फुंकर मारली.

शून्य.

पुन्हा मारली. शून्य. मग सगळ्यांनी रांगेनं कांड्या खाऊन फुंकल्या, आणि प्रत्येक शून्याबरोबर लोकांचे चेहरे पडत गेले. खोलीत असा शोक कुणी मेल्यावरही झाला नसता. वानखडे हळूच म्हणाले, "म्हणजे त्या कविता... मीच?" दोन्ही जावा एकमेकींकडे चोरून बघू लागल्या.

भटकरांनी चारुशीलापुढे हात जोडले. "काकू, एक थेंब तरी असंलच ना? चुकून पडला असंल. आठवा!"

"नाही पडला हो."

विमलबाई त्यांच्यामागे येऊन उभ्या होत्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं माझी पोरगी म्हणते, आई, यांना तुझं पिठलं लई आवडते. म्हणून करत होते मी. मला स्वतःला पिठलं बिलकुल आवडत नाही."

भटकर त्यांच्याकडे बघत राहिले. मग दोघांनाही हसू फुटलं. बायको मात्र हसली नाही; तिने कोपऱ्यातून दोघांकडे असं पाहिलं की भटकर पुन्हा गंभीर झाले.

घरी आल्यावर चारुशीलाने चप्पल काढून ठेवली आणि म्हणाली, "एकवीस वर्षं. रोज दोन वेळा. मी विचारायचे, कसं झालंय? तुम्ही म्हणायचे, झकास."

"काय म्हणू मग?"

"काय लागत होतं तुम्हाला?"

दिगंबरराव खुर्चीच्या कडेला बसले. "गरम. गार. मऊ, कडक. खारट, तिखट. बस. बाकी सारा भुसा. त्या खात्यात नाकच माही नोकरी होती, चारू. तुले सांगितलं असतं तर तू काळजी केली असती. मग रिटायर झालो, तवा वाटलं आता काय सांगायचं. आणि ती कैरीची कांडी खाल्ली, तर एकवीस वर्षांनी तोंडात काही झालं. काय झालं ते सांगता येत नाही. कोणी आतून हाक मारल्यासारखं. म्हणून जप्त केल्या नाही मी."

तिला रागावायचं होतं. दोन दिवस ती रागावलीही. तिने मुद्दाम एकदा भाजी करपवली आणि दिगंबरराव मुकाट्यानं जेवले, तेव्हा ती आत जाऊन रडली. आपण इतकी वर्षं कुणासाठी फोडणी देत होतो, हे तिला कळेना.

तिसऱ्या दिवशी तिने मृण्मयीला फोन केला. मृण्मयीने बाबांच्या नाकाचं सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "आई, वास नाकाच्या वाटेनं जातो. पण चटका, गारवा, झणझणाट, मुंग्या, यांची वाट वेगळी. चेहऱ्याची वेगळी नस आहे, ती ते मेंदूला नेते. नाक गेलं तरी ती वाट शाबूत राहते. पावडर त्याच वाटेनं गेली. बाबांना वास लागला नाही, जाळ लागला. आम्ही वासाच्या मागे इतके लागलो होतो की हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अशी किती माणसं असतील गं?"

चारुशीलाने फोन ठेवला आणि मसाल्याचा डबा उघडला. त्या दिवशी तिने पहिल्यांदा वासाचा विचार न करता काहीतरी करायला घेतलं. सुंठ, मिरी, जिभेला मुंग्या आणणारं तिरफळ, पुदिन्याचा अर्क, आवळा, दातांखाली फुटायला भाजलेली खसखस, आणि पावडर निम्मीच. मोजपात्र समोर, वही उघडी. नवऱ्याची जीभ तिला दुधाच्या नमुन्यासारखी वाटू लागली : आत काय आहे ते शोधून काढायचं.

संध्याकाळी तिने कांडी त्यांच्या हातात दिली आणि पेन घेऊन समोर बसली.

दिगंबररावांनी एक तुकडा तोडला. चावला. कपाळाला आठी पडली. "झक..." ते म्हणाले आणि थांबले.

"खरं सांगा."

"रागावशील."

"सांगा हो!"

"बेकार," दिगंबरराव म्हणाले. "मुंग्या आधीच येतात आणि गारवा मागून. गाडी सुटल्यावर पाहुणा टेसनात आल्यावाणी. खसखस दातात अडकते. आणि आवळ्यानं सारं तोंड आखडलं माहं."

चारुशीलाने एकेक शब्द लिहून घेतला. "पुदिना वाढवू की तिरफळ कमी करू?"

"तिरफळ कमी. आणि हे आवळ्याचं कोणी सांगितलं होतं तुले?"

"मलाच सुचलं."

"वाईट सुचलं."

ती हसत उठली. उरलेल्या पाच कांड्या तिने मोरीत टाकून दिल्या आणि पातेल्यात नव्यानं पाणी चढवलं. दिगंबरराव खुर्ची ओढून ओट्याजवळ येऊन बसले. पाणी तापेपर्यंत ते कालच्या वरणाबद्दल, परवाच्या भरीताबद्दल, आणि दोन हजार एकोणतीस सालच्या एका फसलेल्या बासुंदीबद्दल आपली खरीखुरी मतं सांगत राहिले, आणि ती भराभर लिहीत राहिली.